ऐकू न येण्याचा खेळ

मी रत्नागिरीत जवळजवळ तीस वर्षं लोकांचे कान तपासले, आणि अजूनही कोणी विचारलं की ऐकू येणं म्हणजे नक्की काय, तर मला धड सांगता येत नाही. या अंकाच्या संपादकांना मी हे आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, असू दे, तेच लिहा.

आधी माझं काम सांगते, कारण निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी अजून मला डॉक्टर समजतात आणि कानातला मळ काढून मागतात. मळ काढणं, औषध देणं, ऑपरेशन करणं ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची कामं. त्यांनी चिठ्ठी दिली की माणूस माझ्याकडे यायचा. मी त्याला आवाजबंद खोलीत बसवायची. ही खोली म्हणजे एक मोठं कपाटच. आतून मऊ अस्तर, जाडजूड दार आणि मध्ये एक काच. आत माणूस, बाहेर मी. त्याच्या कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी बारीक सूर सोडत जायची, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. कुठपर्यंत ऐकू येतं आणि कुठे थांबतं, त्याचा आलेख निघतो. सगळं काम एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण बटण दाबायचं काम माणसाकडे असतं आणि माणूस काही मशीन नव्हे. काही जण सूर नसतानाही दाबतात, परीक्षेत नापास होऊ नये म्हणून. जहाजाच्या इंजिन रूममध्ये जन्म घालवलेले एक काका यायचे. त्यांना बहुतेक काहीच ऐकू येत नव्हतं, पण समोरच्याच्या ओठांवरून ते बरोबर ओळखायचे. फक्त हिंदीत. बोटीवर सगळा कारभार हिंदीतून चालायचा ना. घरी आल्यावर बायको मराठीत बोलली की काका ठार बहिरे. शेवटी काकूंनीच मोडकंतोडकं हिंदी सुरू केलं आणि माझ्याकडच्या श्रवणयंत्राचं गिऱ्हाईक गेलं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच आठवते, आणि ती गमतीची नाही. त्यातल्या मुलींची नावं मी बदलली आहेत. एकीला केतकी म्हणू, दुसरीला ईशा.

केतकी आली तेव्हा आठवीत होती. पालीजवळच्या एका वाडीत राहायची. सातवीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकली आणि हुशार म्हणून आठवीला रत्नागिरीच्या मोठ्या शाळेत घातली. रोज एसटीने येजा. वडील मुंबईला एका कंपनीत, गणपती-शिमग्याला घरी. आई वनिताताई घरी शिवणकाम करायच्या. त्या मुलीला घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हिला आयकू येत नाय हो. दोन महिने झाले. हाक मारली तर बघत पण नाय."

डॉक्टरांनी कान बघितले होते. पडदा स्वच्छ, मळ नाही, सर्दी नाही. मी केतकीला खोलीत बसवलं आणि तपासणी सुरू केली. बारीक सूर, नाही. जरा मोठा, नाही. अजून मोठा केला तेव्हा कुठे तिने बटण दाबलं. दोन्ही कानांत तेच. आलेखावरून बघाल तर या मुलीला दोन हातांवरून बोललेलंही नीट कळायला नको.

आणि तरीही काहीतरी जुळत नव्हतं. खोलीतून बाहेर येताना तिची पाठ माझ्याकडे होती. मी नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू म्हटलं, "दाराशी उंबरा आहे हं." तिने पाय उचलून उंबरा ओलांडला.

मी तिला पुन्हा आत बसवलं आणि शब्दांची तपासणी घेतली. यात सूर नसतात, मी माइकमधून शब्द म्हणते आणि समोरच्याने ते परत म्हणायचे. मी आवाज कमी कमी करत नेला, अगदी कुजबुजीच्याही खाली. केतकी सगळे शब्द म्हणत गेली. मान खाली, आवाज जेमतेम, पण एकही चुकला नाही. मग तिसरी तपासणी केली, जिच्यात माणसाला काहीच करावं लागत नाही. कानात बारीक नळी ठेवून टिकटिक सोडतात. आतला कान निरोगी असेल तर तो त्या टिकटिकीला स्वतःच एक बारीकसा आवाज काढून उत्तर देतो, आणि मशीनला तो पकडता येतो. केतकीच्या दोन्ही कानांनी ठणठणीत उत्तर दिलं.

म्हणजे कान चांगले होते. मुलगी मात्र ऐकत नव्हती.

आमच्या धंद्यात हे अधूनमधून येतं. बहुतेक वेळा शाळेच्या वयाची मुलं असतात. डॉक्टरमंडळी घाईत असली की "नाटक आहे" म्हणून मोकळी होतात. मी कधी त्याला नाटक म्हटलं नाही, पण काय म्हणावं तेही मला कळलेलं नाही. मूल मुद्दाम बटण दाबत नसतं का? की त्याला सूर ऐकू येतो, पण आपल्यासाठी आहे असं वाटत नाही? मी शिकले तेव्हा पुस्तकात याला एक लांबलचक नाव होतं. नावाने काही उलगडत नव्हतं.

वनिताताईंना समजावून सांगताना माझीच तारांबळ झाली.

"म्हंजे ही खोटं बोलते?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग बहिरी हाय?"

"तसंही नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी हिच्या बापाला फोनवर काय सांगू?"

आठ दिवसांनी परत या म्हटलं.

दुसऱ्या खेपेला मी आईला बाहेर बसवलं आणि केतकीला खोलीत. सूर सोडायच्या आधी माइकवरून इकडचं तिकडचं विचारत बसले. एसटी वेळेवर येते का, डबा कोण करतं. ती हो-नाहीत उत्तरं देत होती. माइकमुळे तिचा एवढासा आवाज माझ्या हेडफोनमध्ये अगदी स्वच्छ यायचा, श्वाससुद्धा. मध्येच तिने काचेकडे न बघता विचारलं, "मॅडम, माझा आवाज तिकडे येतो?"

"येतो ना."

"सगळा?"

"सगळा येतो गो. का?"

मग ती बोलायला लागली. मी मध्ये एक शब्द घातला नाही. बंद खोलीत आपलं बोलणं जड, जवळचं वाटतं. त्यामुळे असेल, किंवा समोर मी नसून काच होती म्हणून असेल, पण ती थांबेचना.

झालं होतं ते असं. नव्या वर्गात तिला ईशाच्या शेजारी बसवलं. ईशा वर्गातली पुढारी. वक्तृत्व, नाटक, सगळ्यांत पुढे. पहिल्या दिवशी केतकीने तिला विचारलं की पुढचा तास कोणता. ईशाने बघितलंही नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघायला लागल्या. ईशा त्यांना म्हणाली, "कोणी बोललं का आत्ता?" मुली हसल्या. एक जण म्हणाली, पंखा वाजला असेल.

तिथून खेळ सुरू झाला. केतकी काही बोलली की कोणाला ऐकू येत नाही. ती वाट मागायची आणि मुली जागच्या हलायच्या नाहीत. काही विचारलं तर एकमेकींना म्हणायच्या, कसला तरी आवाज येतोय नाही? हजेरीला तिने "हजर" म्हटलं की मागून एक जण बाईंना सांगायची, ती आलेली नाही. बाई वर बघायच्या, केतकी दिसायची, वर्ग हसायचा. एकदा बाईही हसल्या. कोणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही, डबा सांडला नाही. घरी सांगायला तिच्याकडे काही नव्हतंच. काय सांगणार, की माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात? तिने मोठ्याने बोलून बघितलं तर तिच्या "नाय"चं आणि "आयकू"चं हसं झालं. मग तिचा आवाज आणखी बारीक झाला. तोंडी परीक्षेत येत असलेली उत्तरं तिने दिली नाहीत. घरी पण गप्प.

"आणि ऐकू येईनासं कधी झालं?" मी विचारलं.

तिने हातातलं बटण उलटसुलट केलं. मग म्हणाली, "प्रार्थनेला उभी होते. सगळ्यांचा आवाज लांब गेला. मला वाटलं, बरं झालं."

मी हे तिच्या आईला सांगू का विचारलं. ती हो म्हणाली. वनिताताईंनी सगळं ऐकलं आणि आधी मुलीवरच रागावल्या. एवढे दिवस बोललीस का नाहीस म्हणून. मग तिथेच बाकावर बसून पदराने तोंड पुसत राहिल्या. तेवढ्यात केतकी त्यांना काहीतरी म्हणाली, इतकं हळू की मलाही कळलं नाही. वनिताताईंनी मात्र चटकन मान वर केली आणि विचारलं, "काय गो?"

शाळेत वनिताताई आणि मी गेलो. वर्गशिक्षिका शिंदे मॅडम चाळिशीच्या, कामसू बाई. आपण हसलो होतो हे त्यांनी लगेच कबूल केलं. म्हणाल्या, मला वाटलं मुलींची मस्करी चाललीय, केतकीही त्यात सामील असेल. मला त्यांचा राग येईना. पन्नासेक मुली, त्यांत कोण हसतंय आणि कोण हसल्यासारखं करतंय, हे कसं ओळखायचं? त्यांनी बाकांच्या जागा बदलल्या. वर्गाला बोलल्या, कोणाचंही नाव न घेता. वर्गातला खेळ थांबला. मधल्या सुट्टीतला चालूच राहिला.

त्या शाळेत दरवर्षी मी कानांची तपासणी घ्यायला जायची. त्या वर्षी शिंदे मॅडमनी ती लवकर ठेवली. म्हणाल्या, आधी सगळ्या मुलींशी ऐकण्याबद्दल थोडं बोला, तुमचं ऐकतील. मी बोलले. कान कसा असतो, आवाज आत कसा जातो, ऐकू न येणाऱ्या माणसाला किती एकटं वाटतं. मुलींनी छान ऐकलं. सगळ्यांत चांगले प्रश्न ईशाने विचारले. मला ती आवडली, हे सांगायला हवं. तिचा राग येईल अशी तयारी करून मी गेले होते.

मग ग्रंथालयात एकेकीला बोलावून छोट्या मशीनवर तपासायला बसले. ईशाची पाळी आली. उजवा कान उत्तम. डाव्या कानात सूर सोडला. ती शांत बसून माझ्याकडे बघत राहिली. मोठा केला, तरी ती बघतच राहिली. मला वाटलं वायर गेली. हेडफोनच्या बाजू बदलून बघितल्या. आता डाव्या कानावर आलेली दुसरी बाजूही मुकी. म्हणजे वायर ठीक होती. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते. मला वाटलं, ही पोर माझ्याशीही तोच खेळ खेळतेय. शिंदे मॅडमनी बाक बदलले, त्यामागे ही कानवाली बाई आहे हे तिला कळलंय, आणि आता समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून, ऐकू येत नाही म्हणतेय. माझे कान तापले. ज्या मुलीला खरोखर ऐकू येत होतं ती बटण दाबत नव्हती, त्याचं मला वाईट वाटलं होतं. आता हीही दाबत नव्हती, आणि मला संताप आला. समोरचं दृश्य मात्र दोन्ही वेळा अगदी सारखं.

मशीन लहान आहे, नीट तपासायला क्लिनिकवर ये, आईला घेऊन ये, एवढंच सांगितलं.

ईशाची आई बँकेत अधिकारी. दोघी मायलेकी मिरजोळ्याहून स्कूटरवर आल्या. मी ईशाला आवाजबंद खोलीत बसवलं आणि एक जुनी युक्ती केली. एका कानाने बहिरं असल्याचं सोंग कोणी करत असेल तर ते पकडायची ही आमची ठरलेली पद्धत. दोन्ही कानांत एकाच वेळी एकच सूर सोडायचा, उजव्यात बारीक आणि डाव्यात मोठा. दोन्ही कान चालू असले तर माणसाला तो फक्त मोठ्या बाजूला, म्हणजे डावीकडे वाजल्यासारखा वाटतो. उजव्यातला जाणवतच नाही. त्यामुळे सोंग करणारा बटण दाबत नाही. डाव्या कानात ऐकू येत नाही असं तो म्हणत असतो ना. खरोखर डावा कान गेला असेल तर त्याला उजव्यातला बारीक सूर ऐकू येतो आणि तो सरळ दाबतो. या युक्तीची मुलांना कल्पना नसते.

ईशाने दाबलं. मी आवाज बदलला, वेळ बदलली. तिने दरवेळी लगेच दाबलं. मग नळीची तपासणी केली. उजव्या कानाने उत्तर दिलं, डाव्या कानातून काही नाही. तो कान पूर्ण गेलेला होता, आणि आजचा नव्हे, फार पूर्वीचा.

मी आईला विचारलं, लहानपणी काही आजार? त्या आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, पाच वर्षांची असताना खेडला आजोळी गेली होती, तेव्हा गालगुंड झालं होतं. ताप होता आठवडाभर, मग बरी झाली. गालगुंडात कधीकधी एक कान जातो. दुखत नाही, खुपत नाही, दुसरा कान सगळं काम करतो. लहान मुलाला पत्ताच लागत नाही, कारण दोन कानांनी ऐकणं कसं असतं ते त्याला आठवत नसतं. शाळेत पूर्वीच्या तपासण्यांच्या वेळी ही नेमकी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला गेलेली असायची.

मी ईशाला विचारलं, "फोन कुठल्या कानाला लावतेस?"

"उजव्या," ती म्हणाली. "सगळे तसाच लावतात ना?"

मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. औषध नाही, पण डावीकडचा आवाज उजव्या कानाकडे पोचवणारं यंत्र मिळतं. गर्दीत, गोंगाटात डावीकडून कोणी बोललं तर तुला कळत नसणार. आई रडत होत्या. ईशा रडली नाही. ती चित्राकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. तिची आई पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे बाकावर माझ्या डाव्या बाजूला कोणी बसलं तर?"

"तर त्याचं बोलणं सहसा ऐकू येणार नाही."

तिने चित्रातल्या डाव्या कानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी खरंच नव्हतं आलं, मॅडम. त्या पुढच्या मुली बघायला लागल्या आणि मला कळेना काय झालं. मी काहीतरी बोलून गेले."

मी विचारलं, "आणि नंतर?"

तिने चित्राचा कागद बाजूला सारला. "नंतर येत होतं," ती म्हणाली.

मी केतकीचं नाव काढलं नव्हतं, तिनेही काढलं नाही. एका मुलीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही, हा आमच्या कामाचा नियम. पण त्या दिवसापासून मी गोंधळले ती गोंधळलेच. पहिल्या दिवशी जे झालं त्यात कोणाचीच चूक नव्हती. एकीचा आवाज बारीक, दुसरीचा कान गेलेला, आणि बाकावरच्या जागा बाईंनी दिलेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र चूक होती. मग या दोन दिवसांच्या मध्ये नक्की कुठे काय झालं? ईशाला वर्ग हसला ते आवडलं का? की आपल्याला काहीतरी कळत नाही हे तिला आत कुठेतरी जाणवत होतं आणि तेच सगळ्यांचं करून टाकलं की ते एकटीचं राहणार नव्हतं? मी असे तर्क करते, पण हे माझे तर्क आहेत. तेराचौदा वर्षांच्या मुलीला विचारलं तर तिलाही सांगता आलं नसतं.

ईशाच्या आईने मात्र एकच अर्थ काढला. त्या शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या की बाक बदलले तेव्हा माझ्या मुलीवर उगाच आळ आला होता. तिला ऐकूच येत नाही, ती काय कोणाला छळणार? शिंदे मॅडमनी हे मला फोनवर सांगितलं. मला तिकडे जाऊन सांगावंसं वाटलं की कान एकच गेलाय आणि एकच दिवस ती निर्दोष होती. पण ते ईशाने मला विश्वासाने सांगितलेलं. गप्प बसले.

बातमी वर्गात पोचली, ती पोचणारच होती. आणि वर्गाने तेच केलं जे त्याला येत होतं. आता मुली ईशाच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या आणि तोंडाला येईल ते बोलायच्या. ती वळली की गप्प. पूर्वी तिच्या मागे मागे असणाऱ्याच त्यात पुढे. तिने वक्तृत्वातून नाव काढून घेतलं. वर्गात मागच्या कोपऱ्यात, डावी बाजू भिंतीला लावून बसायला लागली. मी तपासणी केली नसती तर हे झालं नसतं, असं मला वाटायचं. नसती केली तर तिला कधी कळलं असतं, असंही वाटायचं. अजून वाटतं, दोन्ही.

त्याच सुमारास वनिताताई केतकीला घेऊन फेरतपासणीला आल्या. घरी हाक मारली की आता बघते, म्हणाल्या. मी तिला खोलीत बसवलं. पहिलाच सूर अगदी बारीक सोडला आणि तिने बटण दाबलं. पुढे एकही चुकवला नाही. आलेख इतका सरळ आला की शिकवायला वापरावा. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आपण काय केलं म्हणून हे झालं, ते कळेना. मी तर काही केलं नव्हतं, ऐकलं होतं फक्त.

माइकवरून मी विचारलं, वर्गात आता कसं आहे?

ती म्हणाली, आता माझं ऐकू येतं सगळ्यांना. आता ईशावर चाललंय. आणि मग ते डाव्या बाजूचं सांगितलं, जे मला ठाऊक होतं.

"तू पण करतेस?" मी विचारलं.

काचेपलीकडे तिने मान हलवली. आधी नाही अशी, मग हो अशी. म्हणाली, "एकदा केलं. ती कोपऱ्यात नव्हती, बाहेर कट्ट्यावर होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसले आणि सगळं बोलले. माझ्या मनात होतं ते सगळं. पहिल्या दिवसापासूनचं. तिला काहीच आलं नाही ऐकू."

"मग?"

"मग मी उठून उजव्या बाजूला बसले."

माझ्या हेडफोनमध्ये तिचा श्वास येत होता.

"तिथे काय बोललीस?"

"काय नाय," केतकी म्हणाली. "बसले होते नुसती. ती पण बसली होती."

पुढे दोघींची मैत्री झाली का, असं मला ही गोष्ट ऐकणारे विचारतात. मला माहीत नाही. शिंदे मॅडम म्हणाल्या की दोघी काही दिवस मधल्या सुट्टीत त्या कट्ट्यावर बसायच्या, फार बोलताना दिसायच्या नाहीत. वर्गाला दोघींपैकी कोणाचंच काही करता येईना, कारण केतकी ईशाच्या डावीकडे बसलेली असायची, ती बाजू मोकळी नसायची. पण नंतर तेही थांबलं. कोणी थांबवलं, का थांबलं, मॅडमनाही सांगता आलं नाही. ईशाच्या वडिलांची बदली झाली आणि दहावीला ती कोल्हापूरला गेली. यंत्र लावते असं तिच्या आईने एकदा फोन करून सांगितलं. आधी त्या चांगलं बोलल्या, मग म्हणाल्या, तुमच्याकडे आलोच नसतो तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. मी त्यांना म्हटलं, मलाही.

केतकी इथेच राहिली. अकरावी-बारावी करून आता कॉलेजात आहे. कानांत कसलाच दोष नाही.

गेल्या महिन्यात ती मला एसटी स्टँडवर भेटली. उंच झाली आहे, आवाजही भरला आहे, गर्दीत सहज ऐकू यावा इतका. मी तिला लांबूनच ओळखलं. जवळ येऊन ती म्हणाली, "मॅडम, बऱ्या आहात ना?" मी तोंड उघडायच्या आधीच तिने तेच पुन्हा म्हटलं, त्याच सुरात, "मॅडम, बऱ्या आहात ना?" मला वाटलं गाड्यांच्या आवाजामुळे. पण मग तिने कॉलेजचं सांगितलं तेही दोनदा, आईला गुडघ्याचा त्रास होतो तेही दोनदा. प्रत्येक वाक्य एकदा बोलायची आणि समोरच्याने काही म्हणायच्या आत ते पुन्हा बोलायची. पहिल्यांदा बोललेलं पोचत नाही असं धरूनच ती चालते. तिला स्वतःला हे माहीत आहे का, मला विचारवेना. याच्यासाठी माझ्याकडे कुठलं मशीन नव्हतं.

तिची पालीची गाडी लागली. पिशवी उचलून ती म्हणाली, "येते मॅडम." आणि पुन्हा म्हणाली, "येते मॅडम."

"ये हं," मी म्हटलं. आणि तिचं दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर मीही दुसऱ्यांदा म्हटलं, "ये हं."